त्या ‘असूनही’चं काय करायचं?

मागच्या दिवाळीत ताईकडे गेले होते तेव्हा भाची कोपऱ्यात पाय वर घेऊन एक जाडजूड पुस्तक मागच्या कव्हरपासून वाचत बसलेली, मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, तशीच वाचायची असते, उजवीकडून डावीकडे. दाजींनी फराळाची ताटली एका हातात धरून दुसऱ्या हाताने ते उचललं, दोनचार पानं चाळली आणि म्हणाले, हे काय गं, सगळी पोरं मोठ्ठ्या डोळ्यांची आणि जिकडेतिकडे गुलाबाची फुलं. ती म्हणाली, बाबा ते व्हॅम्पायर आहेत. झालं सुरू मग. सणासुदीला हे भुताखेतांचं कशाला, रात्री एकटी बाथरूमला जात नाहीस आणि हे वाचतेस, मुलींनी वाचण्यासारखं दुसरं काही मिळत नाही का. मी मधे तोंड घातलं, म्हणलं दाजी हे मुलींसाठीच आहे, १९७२ साली जपानमधल्या मुलींच्या मासिकात सुरू झालेली ‘द पो क्लॅन’ नावाची सिरीज आहे, आणि ज्यांनी काढली त्या मोतो हागिओ बाईंचा त्यांच्या सरकारने सन्मान केलाय. सरकार म्हणल्यावर दाजी जरा नरमले. चकली मोडत म्हणाले, अच्छा, म्हणजे मुलींचं असूनही सिरीयस काम आहे तर.

दाजी माणूस चांगले आहेत, मुद्दा त्यांचा नाहीच. मुद्दा त्या ‘असूनही’चा आहे, तो मला नंतर दोन दिवस टोचत राहिला, कारण मग लक्षात आलं की हा शब्द फक्त दाजींच्या तोंडी नाहीये. शिकली सवरलेली, भरपूर वाचणारी माणसंसुद्धा या मांगाचं कौतुक करताना आधी तिला मुलींच्या हातातून काढून घेतात. ही काही नुसती मुलींची मांगा नव्हे हो, ही काळावर आहे, मृत्यूवर आहे, साहित्यच आहे म्हणा ना. म्हणजे मुलींच्या गोष्टीत काळ आणि मृत्यू असूच शकत नाही असं आधी धरून चालायचं, आणि सापडले की ती गोष्ट मुलींची नाहीच असं जाहीर करायचं. चांगलं निघालं की सगळ्यांचं, आणि सुमार निघालं की ते मुलींचं. हा कुठला हिशोब?

माझं म्हणणं असं आहे की ‘पो नो इचिझोकु’, इंग्रजीत ‘द पो क्लॅन’, ही जी काही भारी चीज आहे ती मुलींसाठी काढली होती म्हणूनच तशी झाली. आणि मुलींना भीतीदायक वाचायला द्यावं की नाही हा जो प्रश्न घरोघरी विचारला जातो ना, त्याचं उत्तरही बरंचसं यातच आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अठराव्या शतकातलं इंग्लंड. एडगर आणि मेरीबेल ही दोन लहान भावंडं रानात सोडून दिलेली असतात, एक म्हातारी त्यांना घरी नेते, वाढवते. ती आणि तिच्या भोवतीची माणसं व्हॅम्पायर असतात, हागिओंनी त्यांना व्हॅम्पानेला असं वेगळं नाव दिलंय. बहिणीला काही होऊ नये म्हणून एडगर त्यांच्यात सामील व्हायला तयार होतो, मोठा झाल्यावर करू असं ठरलेलं असतं, पण गावकऱ्यांना सुगावा लागतो, म्हातारी मारली जाते आणि त्या गोंधळात त्याला चौदाव्या वर्षीच ‘त्यांच्यातला’ करून टाकतात. संपलं. पुढची दोनशेहून जास्त वर्षं तो चौदाचा. पुढे बहीणही त्याच वाटेने येते, आणखी पुढे १८७९ च्या सुमारास एका बंदराच्या गावात अ‍ॅलन नावाचा मुलगा भेटतो. एडगर, अ‍ॅलन आणि घराण्याचं नाव पो, म्हणजे नावं भयकथा लिहिणाऱ्या एडगर अ‍ॅलन पोकडून उचललीत हे वेगळं सांगायला नको.

आता गुलाब. दाजींना पहिल्यांदा गुलाब दिसले ते बरोबरच आहे कारण त्या काळच्या मुलींच्या मांगामध्ये फुलं हे डेकोरेशन होतं, सुंदर चेहरा आला की मागे फुलं, मन भरून आलं की मागे फुलं, जरा काही झालं की पान फुलांनी भरलं. बाहेरच्या माणसाला तो सगळा लाडिकपणाच वाटणार. हागिओंनी काय केलं तर ते गुलाब तसेच ठेवले आणि ते व्हॅम्पानेलांचं अन्न करून टाकलं. रक्त नसेल तेव्हा हे लोक गुलाबाच्या अर्कावर जगतात, त्यांच्या गावात गुलाब फुललेले असतात आणि ती फुलं म्हणजे त्यांचं धान्याचं कोठार आहे. ज्या मुलीने शेकडो पानांवर नुसती शोभेची फुलं बघितलीत तिला हे वाचताना जे होत असेल ते मला किंवा दाजींना होणारच नाही, कारण आपल्याला ती शोभा माहितीच नव्हती. हा डाव मुलींच्या मासिकाच्या आतच खेळता येतो, साहित्य वगैरे म्हणून बाहेर काढून ठेवला की तो डाव होता हेच कळत नाही.

आणि हे मासिक काही कुणी आदराने बघत होतं अशातला भाग नाही. हागिओ १९४९ च्या, ओमुता गावच्या. १९६९ मध्ये कोदांशा या प्रकाशनाच्या मुलींच्या मासिकातून पदार्पण केलं, पण तिथे त्यांच्या बऱ्याच गोष्टी परत यायला लागल्या, फार गंभीर आहेत, जरा हसऱ्याखेळत्या काढा. मग शोगाकुकान या दुसऱ्या प्रकाशनातले यामामोतो नावाचे संपादक भेटले आणि त्यांनी तिकडून नाकारलेल्या गोष्टी घेऊन छापल्या. ‘बेस्सात्सु शोजो कॉमिक’मध्ये पो घराण्याच्या गोष्टी अशाच सुट्यासुट्या येत गेल्या, आज १७५० ची, मग एकदम विसाव्या शतकातली, मग परत मागे, वाचणाऱ्या पोरींनी जुळवायचं. १९७४ मध्ये पहिलं पुस्तक निघालं, ३०,००० प्रती, तीन दिवसांत संपल्या. तेव्हा ना टीव्हीवर काही होतं ना सिनेमा. शाळकरी पोरींनी खाऊचे पैसे काढून घेतलेली पुस्तकं होती ती. १९७६ मध्ये शोगाकुकान पुरस्कार मिळाला, पण तो त्या पोरींच्या दोन वर्षं मागून आला हे लक्षात घ्या. मोठ्या माणसांना ‘असूनही’ म्हणायला अजून बरीच वर्षं लागायची होती. मुलींच्या मासिकात काय चाललंय इकडे मान्यवरांचं लक्षच नव्हतं आणि मला वाटतं याचा फायदाच झाला, कुणी बघत नसलं की माणूस मोकळेपणाने काम करतो.

बरं, मुळात यात भीती कसली आहे? दात लावून रक्त पितात त्याची? मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तीसेक पानांतच कळलं की दातांची भीती यात जवळपास नाहीच. भीती आहे ती न वाढण्याची. एडगर आणि मेरीबेल आणि त्यांचे मानलेले आईबाप एका गावात फार दिवस राहूच शकत नाहीत कारण शेजारीपाजारी बोलायला लागतात, तुमची मुलं वाढत नाहीत का हो? ही एवढीशी गोष्ट, कुठल्याही चाळीतल्या काकू विचारतील असा प्रश्न, आणि तो आला की रातोरात बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा. आरशात आपण दिसतोय ना, कुणी मनगट धरलं तर नाडी लागेल ना, याकडेही सतत लक्ष. माणूस असल्याचं सोंग चोवीस तास वठवायचं.

हे वाचणारी मुलगी बाराचौदाची असते. तिच्या घरात काय चाललेलं असतं? ती वाढत असते आणि सगळे तिच्या वाढण्याकडे बघत असतात. उंची, छाती, पाळी, कपडे, आता असं बसू नकोस, आता तसं खिदळू नकोस, आता तू लहान नाहीस. काल ज्या काकांच्या मांडीवर बसत होती त्यांच्यासमोर आज ओढणी नीट करायची. कुणी काही समजावून सांगत नाही, नुसते नियम बदलत जातात. अशा मुलीला कुणीतरी गोष्ट सांगतं की एक जण होता, त्याचं वाढणं चौदाव्या वर्षी थांबलं. पहिल्या क्षणी तिला हेवा वाटणार. वा, सुटला! आणि मग पान उलटत जाता जाता तिच्या लक्षात येत जातं की हा सुटलेला नाही, अडकलाय, त्याच्या ओळखीची सगळी माणसं मोठी होतायत, लग्नं करतायत, मरतायत आणि हा दरवेळी परत नवीन शाळेत नवीन मुलगा. मोठं होण्याची भीती आणि मोठं न होण्याची भीती दोन्ही एकाच पोराच्या अंगात घालून दाखवल्यात, त्याही उपदेशाचा एक शब्द न काढता. मला सांगा, आठवीतल्या मुलीला हे कुठल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मिळतं?

यात एक गंमत बरेच जण विचारतात, मुलींची मांगा आहे तर हिरो मुलगा का? आणि मेरीबेल, जी एकुलती महत्त्वाची मुलगी, ती तर लवकरच मारली जाते. मला आधी हे खटकलं होतं. पण त्या पिढीच्या या बायकांनी, हागिओ आणि त्यांच्याबरोबर ओइझुमीला एका घरात राहणाऱ्या केइको ताकेमिया, दोघींनी मुलांना घेऊन मुलींसाठी गोष्टी सांगितल्या. मुलगी घेतली की तिच्याबरोबर मुलीला काय शोभतं काय नाही हे सगळं सामान येतं, कुठे निघालीस, कुणाबरोबर, कधी परत येणार. मुलगा घेतला की तो रात्री बाहेर पडतो, भटकतो, चिडतो, खून करतो, कुणी विचारत नाही. वाचणारी त्याच्या डोळ्यांमागे जाऊन बसते. आणि मेरीबेलचं मरण ती त्याच्याच डोळ्यांनी बघते, जी आपल्यासारखी होती तिला वाचवता आलं नाही, आता तिच्याशिवाय अजून शंभर वर्षं काढायची. मी तरी ते पान उलटायच्या आधी उठून पाणी पिऊन आले होते.

एक गोष्ट तर अशी आहे की जिच्यात व्हॅम्पायर जवळजवळ नाहीतच. ग्लेनस्मिथ नावाच्या एका माणसाने तरुणपणी चुकून त्या गुलाबांच्या गावात पाऊल टाकलेलं असतं आणि ते डायरीत लिहून ठेवलेलं असतं. १८९९ मध्ये तो गेल्यावर ती डायरी मुलीच्या हाती लागते. मुलगी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करते, जर्मनीला जाते, पहिलं महायुद्ध येतं, माणसं जातात, गरिबी, मुली मोठ्या होतात, दुसरं महायुद्ध, परत माणसं जातात, आणि ती डायरी घरात कुठेतरी तशीच. म्हातारपणी ती विचार करते की जगणं एवढं कठीण आहे म्हणून तर असं कधीच म्हातारं न होणाऱ्या माणसांचं गाव कुणालातरी सुचत असेल. बस. चोवीस पानं! एका बाईचा सगळा जन्म, दोन महायुद्धं धरून, चोवीस पानांत, तोही मुलींच्या मासिकात, आणि ज्या गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांच्या आणि भुताखेतांच्या, भयकथेसाठी पैसे देऊन मासिक घेतलं ती भयकथा पार मागे कोपऱ्यात डायरीत बंद. हे वाचून ज्याला कुणाला असं वाटतं की मुलींचं वाचन म्हणजे टाइमपास, त्याला मी पुढे काही बोलत नाही.

आता जरा मागे जाते कारण हे सगळं हागिओंपासून सुरू झालं असंही नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुलींची मांगा काढणारे बहुतेक पुरुषच होते आणि त्यात आईची गोष्ट हा हुकमी एक्का, आई हरवली, आई आजारी, आईची आणि लेकीची ताटातूट, पोरींनी रडायचं. १९६५ मध्ये काझुओ उमेझूंनी ‘शोजो फ्रेंड’ नावाच्या साप्ताहिकात एक गोष्ट काढली जिच्यात आई दवाखान्यात असते आणि तिच्यासारखीच दिसणारी एक सर्पस्त्री तिची जागा घेऊन घरी येते. लेकीला कळतं, बाकी कुणाला कळत नाही. ती ओरडून सांगते, कुणी ऐकत नाही. नाव काय तर ‘आईची भीती वाटते’, सरळ. बघा ना, राक्षस जंगलात नाही, वाड्यात नाही, स्वयंपाकघरात उभा आहे आणि जेवायला वाढतोय. उमेझू २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ८८ व्या वर्षी गेले तेव्हा जपानमध्ये अख्ख्या पिढ्यांनी आठवण काढली की लहानपणी याच माणसाने आम्हाला घाबरवलं होतं.

आणि याचं दुसरं टोक परत हागिओंकडे येतं. १९९२ मध्ये त्यांनी एक छोटी गोष्ट काढली, घोरपडीची लेक म्हणू या, मूळ नावात इग्वाना आहे. आईला आपली मोठी मुलगी इग्वाना दिसते. बाकी सगळ्यांना ती साधी, चांगली दिसणारी, हुशार मुलगी दिसते, पण आईला तिच्याकडे बघवत नाही, आणि मुलगीही आरशात स्वतःला इग्वानाच बघत मोठी होते. सगळं आयुष्य. शेवटी आई मरते आणि अंत्यदर्शनाला मुलगी वाकते तर आईचा चेहरा इग्वानाचा. १९६५ मध्ये मुलीला आई साप दिसत होती, सत्तावीस वर्षांनी आईला मुलगी सरडा दिसतेय, आणि शेवटी दोघी एकाच जातीच्या निघतात. हागिओंच्या घरी आईवडलांना त्यांचं मांगा काढणं पसंत नव्हतं, पुरस्कार मिळाल्यानंतरही कितीतरी वर्षं, हे त्यांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलंय. ते माहीत असलं की ही गोष्ट अजूनच अंगावर येते, माहीत नसलं तरी चालतं. कारण आईला आपण आवडत नाही की काय ही शंका किती मुलींनी मनात ठेवलेली असते आणि आपल्याकडे तर ती उच्चारणंसुद्धा पाप, मातृदेवो भव वगैरे. भयकथेत ती उच्चारता येते, कारण तिथे म्हणता येतं की मी आईबद्दल कुठे बोलतेय, मी सापाबद्दल बोलतेय.

मुलींना भीतीदायक द्यायचं की नाही यावर माझं उत्तर इथे आहे. भीती त्यांच्याकडे आधीपासून असते. नाव नसलेली असते फक्त. आणि तसं बघायला गेलं तर आपल्याकडे हडळ, जखीण, लावसट यांच्या गोष्टी कोण सांगायचं? आज्जीच ना? लाईट गेल्यावर ओसरीवर बसून, नातींना मांडीशी घेऊन. तेव्हा कुणी म्हणलं नाही मुलीच्या जातीला हे कशाला. बाळंतपणात गेलेली, सासरी छळलेली, विहिरीत ढकललेली, या सगळ्या बायकाच होत्या त्या गोष्टींतल्या, आणि आज्जीला नेमकं माहीत होतं ती काय सांगतेय. असो.

आता ‘असूनही’ किती लांबवर जातं याचा सगळ्यात मजेशीर नमुना म्हणजे जुंजी इतो. हे नाव आज मांगा न वाचणाऱ्यांनाही माहीत असतं, त्यांच्या चित्रांचे टीशर्ट मिळतात, कॉलेजची पोरं त्यांना हॉररचा बाप मानतात. यातल्या कितीजणांना माहितीये की इतोंची ‘तोमिए’ १९८७ साली ‘हॅलोवीन’ नावाच्या मुलींच्या मासिकात छापून आली? १९८६ मध्ये निघालेलं खास मुलींसाठीचं भयकथांचं मासिक होतं ते, त्यात उमेझूंच्या नावाने स्पर्धा होती, परीक्षकांत खुद्द उमेझू, आणि दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे टेक्निशियन असलेल्या इतोंनी तिथे गोष्ट पाठवली, तिला उल्लेखनीय म्हणून बक्षीस मिळालं. शिवाय इतोंना उमेझू लहानपणी कळले ते दोन मोठ्या बहिणींमुळे, त्यांच्या घरात पडलेल्या अंकांमधून. म्हणजे ज्याला आज जगभर पोरांचं म्हणून मिरवतात ते हॉरर बहिणींच्या मासिकांतून शिकलेल्या एका भावाने मुलींच्या मासिकासाठी काढलेलं आहे. पण इतोंच्या बाबतीत कुणी ‘मुलींचं असूनही’ म्हणत नाही, त्यांच्या बाबतीत मुलींचं होतं हेच पुसून टाकलं गेलंय.

गॉथिक हा प्रकारच पहिल्यापासून असा आहे खरं तर. इंग्लंडात १७९० च्या दशकात अ‍ॅन रॅडक्लिफ बाई जुने वाडे, बंद खोल्या आणि अडकलेल्या मुली लिहून प्रचंड खपत होत्या, वाचणाऱ्याही मोठ्या संख्येने बायका, आणि त्यांची टिंगल करणं ही तेव्हाही फॅशन होती. जेन ऑस्टिनने याच टिंगलीवर एक अख्खी कादंबरी बेतली, पण तिने हसता हसता कादंबऱ्यांची बाजूही घेतली, ती हुशार होती. दोनशे वर्षं झाली, जुना वाडा आणि त्यात अडकलेली मुलगी म्हणलं की पुरुष हसतात आणि बायका वाचत राहतात, कारण वाड्यात अडकणं म्हणजे काय हे कुणाला माहिती असणार? सकाळी उठून त्याच वाड्यात चहा कुणी केला?

आता माझ्याच बाजूचं थोडं उणं. मुलींसाठीचं सगळं गॉथिक भारी असतं असं मी म्हणणार नाही, म्हणले तर भाचीच हसेल मला. ‘व्हॅम्पायर नाइट’ घ्या, मात्सुरी हिनोंची, २००४ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत ‘लाला’ मासिकात चालली, १९ भाग, त्यावर २००८ मध्ये टीव्हीवर कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमेही आली, चित्रं अशी की नजर हटत नाही. पण त्यात दोन देखणे पुरुष एका मुलीच्या आयुष्याचे निर्णय परस्पर घेत राहतात, तिच्या आठवणीसुद्धा तिच्या ताब्यात नाहीत, आणि हे सगळं प्रेम म्हणून सादर होतं. मला अर्ध्यातच कंटाळा आला आणि थोडा रागही. अशा गोष्टींत कंट्रोल करणारा मुलगा रोमँटिक वाटायला लागतो ही पालकांची भीती पूर्ण फालतू आहे असं मी नाही म्हणणार. पो घराण्याबद्दलही म्हणता येईल की न वाढणारं, फिकट, नाजूक शरीर एवढं सुंदर काढलंय की एखादीला तसंच राहावंसं वाटेल. हो, वाटेल. मला वाटलं होतं. पण गुलाबी कव्हरच्या गोड गोड प्रेमकथांमधला मुलगा काही कमी कंट्रोल करत नाही, तिथे मात्र कुणी पालक पुस्तक हिसकावून घेत नाही कारण त्यात भूत नसतं.

आणि वयाचा मुद्दा वेगळा ठेवा, प्लीज. तोमिए आठ वर्षांच्या कुणाच्याही हातात देऊ नका, मुलगा असो की मुलगी, तिच्यात माणसं कापतात आणि ते सविस्तर काढलंय. वय बघा, ते मूल कसं आहे ते बघा, रात्री झोपतं का बघा. फक्त मुलगी आहे म्हणून नको, हे कारण सोडा. दाजींचा मुलगा अकराव्या वर्षापासून मोबाईलवर झॉम्बी मारतोय, त्याला रात्री बाथरूमला कोण सोबत जातं ते कुणी विचारलेलं नाही.

चाळीस वर्षं बंद असलेली ही सिरीज हागिओंनी २०१६ मध्ये परत सुरू केली, ‘फ्लॉवर्स’ मासिकात. नवीन गोष्ट १९४४ च्या वेल्समधली, एडगरला तिथे जर्मनीतून पळून आलेली ज्यू मुलगी भेटते. तो अंक संपला, चक्क मासिकाचा अंक पुन्हा छापावा लागला. जी १९७२ मध्ये बारा वर्षांची होती ती तोवर छप्पन्नची. नोकरी, संसार, सासूसासऱ्यांची दुखणी काढून झालेली, गुडघे बोलायला लागलेली, आणि एडगर अजून चौदाचा. गोष्टीतल्या माणसांचं जे होत होतं तेच वाचणाऱ्यांचं झालं, त्याला तसंच ठेवून सगळ्या पुढे निघून गेल्या. मला हे सुचलं तेव्हा काही वेळ काही करवेना. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, ताकाराझुकाने, म्हणजे जिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात त्या कंपनीने, यावर संगीत नाटक केलं, दिग्दर्शक कोइके तीसेक वर्षं त्याची वाट बघत होते. आणि इंग्रजीत पहिला भाग यायला २०१९ उजाडावं लागलं, मूळ सुरुवातीनंतर ४७ वर्षं! एवढी मांगा इंग्रजीत गेली, मारामाऱ्यांची तर दर आठवड्याला जात होती, हिचीच पाळी एवढ्या उशिरा का आली याचा विचार ज्याने त्याने करावा. २०१२ मध्ये हागिओंना जपानचं जांभळ्या फितीचं पदक मिळालं, मुलींच्या मांगावाल्यांपैकी पहिलंच, आणि २०१९ मध्ये सांस्कृतिक योगदानाचा सन्मान. दाजींना मी सांगितलेले सन्मान ते हेच.

तर भाऊबीजेच्या रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये दिवा चालू. दाजी सोफ्यावर, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर. मला बघून म्हणाले, झोप येत नव्हती. अर्ध्या तासाने भाची उठून आली, तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला, बाबा तुम्ही उलटीकडून वाचताय. ते आपल्या नेहमीच्या सवयीने डावीकडून सुरुवात करून, म्हणजे शेवटच्या पानापासून, वीसेक पानं मागे आले होते. म्हणाले, मला वाटलं ही गोष्टच अशी आहे, साल मागेपुढे होतंय. होतं खरं तसं तिच्यात. भाचीने पुस्तक त्यांच्या हातातून काढलं, फिरवलं, आणि परत दिलं.